बेचाळीस दिवस आउटरला

मसोली, डहाणू
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय रूपेश,

तुझा आवाजी निरोप मिळाला. दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांचा. मी तो तीनदा ऐकला. पहिल्यांदा बहीण म्हणून, दुसऱ्यांदा मास्तरीण म्हणून आणि तिसऱ्यांदा कोळंबी सोलताना, कारण तेव्हा हात चिकट असतात आणि फोन भिंतीवर फेकता येत नाही. सारांश असा निघतो : वसईच्या गाळ्यातल्या तुझ्या चाळीस टाक्या रिकाम्या झाल्या. बाबांच्या डिस्कस माशांची लाइन आता फक्त आमच्या बैठकीतल्या चार फुटी टाकीत उरली आहे. आणि अकरा जानेवारीच्या प्रदर्शनात ती लोकांना दाखवीन, असं तू आधीच जाहीर करून बसला आहेस. तेव्हा, 'ताई, एक जोडी दे. वंश टिकला पाहिजे गं.' एवढ्या निरोपात 'मासे' हा शब्द अकरा वेळा आला, 'लाइन' सात वेळा आणि 'बाबा' एकदाच, तेही षष्ठी विभक्तीत, लाइनीला चिकटून. बाबा कसे आहेत हे विचारायला बहुधा तीन मिनिटांतले ते उरलेले एकोणीस सेकंद लागले असते.

उत्तर फोनवरही देता आलं असतं. पण फोनवर तू 'ताई, रेंज जातेय' म्हणतोस आणि नेमकी माझ्या वाक्याच्या क्रियापदापाशी रेंज जाते. कागदाला रेंज लागत नाही. जोडी द्यायची की नाही, ते पत्राच्या शेवटी लिहिलं आहे. शेवट आधी वाचू नकोस. लहानपणी माझ्या रहस्यकथांची शेवटची पानं आधी वाचून, वर मला खुनी कोण ते सांगायचास. या पत्रातही एक मृत्यू आहे आणि गेल्या गुरुवारी त्यासाठी आपल्या दारात झेंडूचा हार घेऊन माणूस आला होता. पण ते क्रमाने सांगते. क्रम सोडला की रूपं चुकतात, हे तुला पाचवीतच सांगितलं होतं.

आधी टाकीची खबरबात. पाणी एकोणतीस अंशांवर आहे. तळ नागडा, वाळू नाही, खडे नाहीत, ती रंगीत प्लास्टिकची झाडं तर नाहीतच. सहा मासे आहेत आणि सहाही ताटलीएवढे. भिंतीला टेकवून ठेवलेल्या पितळी ताटल्या संध्याकाळच्या उन्हात दिसतात ना, तसे उभे असतात. त्यांतले दोन तुला चांगले ठाऊक आहेत. तूच ठेवून गेला होतास. त्यांना तू 'कचरा' म्हणाला होतास, मी शब्द बदललेला नाही.

चार वर्षांपूर्वीचा दिवाळीनंतरचा तो शनिवार तुझ्या लक्षात नसेल, माझ्या आहे. बाबा दवाखान्यात होते. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. दोन दिवसांनी मी आंघोळीपुरती घरी आले, तर तू टाकीसमोर बाह्या वर करून, शेजारी थर्माकोलचा खोका आणि हातात जाळी. मी म्हटलं, रूपेश, दवाखान्यात आला नाहीस तो? तू मागे वळूनही पाहिलं नाहीस. म्हणालास, 'ताई, तुझ्याकडे हे आठ दिवसांत मरतील. तुला देवः-देवौ-देवाः चालवता येतं, पाणी चालवता येत नाही.' वाक्य चांगलं होतं. एवढ्या संतापातही मी त्याला दहापैकी सात गुण दिले होते. मग सहातले चार देखणे मासे खोक्यात गेले. कोपऱ्यात हीटरमागे काळा पडून बसलेला एक, आणि कल्ल्याचं झाकण आखूड असल्यामुळे सतत काहीतरी विसरल्यासारखी दिसणारी एक, अशी दोन उरली. 'ही दोन कचरा आहेत. तुझा तेवढाच टाइमपास.' जाताना शेल्फावरची बाबांची वहीही काखेत मारलीस. बाबांच्या हातचं पाण्याचं रजिस्टर, रेल्वेच्या रजिस्टरसारखं आखलेलं : वेळ, तापमान, किती बादल्या काढल्या, कोणी खाल्लं, कोणी नाही.

बाबा घरी आले, त्यांची खुर्ची टाकीसमोर लावली. त्यांनी मासे मोजले. मोजताना त्यांची बुबुळं हलतात, तुला माहीत आहे, घोलवड स्टेशनावर चिकूच्या करंड्या मोजताना हलायची तशीच. दोनवर थांबली. परत पहिल्यापासून सुरू झाली. परत दोनवर थांबली. मी म्हटलं, रूपेशने नेलेत सांभाळायला, आणून देईल. तुझ्या वतीने मी बोललेलं ते शेवटचं खोटं. त्यानंतर तुला लागतील तेवढी खोटी तुझी तूच बोलत आलास, आणि त्यांना प्रेक्षकही पुष्कळ मिळाले.

त्या पहिल्या महिन्यात मी ते दोन्ही मासे जवळजवळ मारलेच होते, हेही प्रामाणिकपणे सांगते. नळाचं पाणी पिंपात दिवसभर हवेच्या नळीवर ठेवून, गरम करून मगच टाकीत घालायचं, एवढं मला बघून माहीत होतं. पण नळाला तीन दिवस पाणी आलं नाही आणि मी बोअरचं घातलं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी म्हणजे समुद्राची धाकटी जाऊ. अर्ध्या तासात तो काळा आडवा झाला. इतक्यात मागून धप्प धप्प आवाज आला. बाबा डाव्या टाचेने जमीन बडवत होते, आणि डावा हात खांद्यापासून सरळ आडवा धरला होता. मला वाटलं, पुन्हा झटका आला. मग एकदम कळलं. हात आडवा म्हणजे सिग्नल आडवा. गाडी थांबव! वाचा गेली होती, पण अडतीस वर्षांची स्टेशन मास्तरकी कुठे जाते? त्या दिवसापासून आमचं संभाषण त्या एका हातावर चाललं आहे. आडवा म्हणजे नाही. खांद्यातून खाली पडला म्हणजे हो, लाइन क्लिअर, जाऊ दे. तुझ्याकडे बाबांची वही होती, रूपेश. माझ्याकडे बाबा होते. कोणाच्या वाट्याला काय आलं, याचा हिशोब तुझ्या रिकाम्या टाक्यांनी मांडलाच आहे.

पाणी दिलं ते लहान्याने. घोलवडला बाबांच्या हाताखाली पॉइंट्समन होता तो. आता वेवजीला नातवंडांत रमलेला असतो. त्याच्या विहिरीचं पाणी मऊ आहे, असं बाबा पूर्वी सांगायचे. मी तिथल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांबरोबर निरोप धाडला, तर दुसऱ्या दिवशी म्हातारा सायकलला दोन कॅन बांधून तलासरीला आमच्या शाळेच्या फाटकात हजर. मी ते एसटीने डहाणूला आणले. कंडक्टरने कॅन हलवून बघितला आणि चारचौघांत विचारलं, 'काय बाई, ताडी काय? संस्कृतला आता ही लागते?' मी म्हटलं, हो, पण अर्ध्या तिकिटाची आहे. आठवडाभर माझी ती ख्याती राहिली. मासा जगला.

मग त्याची पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा सुरू झाली. खाणं बंद. बाबांनी बोट वर वर करत तापमान बत्तिसाच्या वर न्यायला लावलं, हवेची दुसरी नळी बसवून घेतली, आणि औषधाच्या दुकानातून गोळ्या आणायला मला तीन फेऱ्या घालायला लावल्या, कारण दोनदा त्यांनी पाकीट बघून हात आडवा केला. वरोरची बुधीबाई, जी पूर्वी आपल्या दारावर मासळी विकायची, ती तेव्हापासून मी शाळेत असेन तेवढा वेळ बाबांजवळ बसते. येताना ताजी कोळंबी आणते. सोलून, काळा दोरा काढून, वाटून, पातळ वड्या थापून गोठवते. पहिल्या दिवशी ती म्हणाली, 'मास्तरीनबाय, मासळीला मासळी भरवायची, नि तीबी सोलून? आमच्या घोवाला मी कवा सोलून नाय दिली!' आता तिला विचार. कोणाची शेपटी आज मिटलेली आहे, कोण कोणाला कोपऱ्यात रेटतंय, ते ती दारातूनच सांगते. तुझे व्हिडिओ बघून बघून शिकलेल्या लोकांपेक्षा तिला जास्त कळतं, आणि ती कोणाला 'लाइक करा' म्हणत नाही.

आठव्या आठवड्यात एका सकाळी तो काळा, काळा नव्हता. कौलासारखा लाल झाला होता, वर निळ्या रेघा. बाबांच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. उजवा जात नाही, पण डाव्याने त्या दिवशी दोघांचं काम केलं. तुझं वाक्य मी तेव्हा पुन्हा आठवलं. आठ दिवस. मी फळ्यावर लिहितात तसं ते मनात लिहून ठेवलं होतं आणि रोज सकाळी अर्धी टाकी पाणी बदलताना बघायचे. लोक म्हणतात, रागाने माणूस जळतो. जळत असेल. मी मात्र त्या रागावर चार वर्षं सकाळी साडेपाचला न चुकता उठले. भक्तीने कोणी इतकं नियमित उठलेलं माझ्या पाहण्यात नाही.

दुसऱ्या वर्षी दोघांनी जोडी जमवली. घोलवडच्या नर्सरीतून आणलेली मातीची कुंडी उलटी ठेवली होती, ती दोघं तिला चार दिवस तोंडाने घासत होती. पहिली अंडी त्यांनीच खाल्ली. दुसरी पांढरी पडली. तिसऱ्या खेपेला डोळे दिसू लागले, शेपट्या हलू लागल्या आणि मग मी ते पाहिलं जे तू चाळीस टाक्यांत शंभरदा पाहिलं असशील, पण मला नाही वाटत तू कधी थांबून बघितलं असशील. पिल्लं पोहू लागली ती थेट आईबापाच्या अंगाला जाऊन चिकटली. त्यांच्या कातडीवर येणारी चिकट साय खायला. मी वर्गात मत्स्यन्याय शिकवते : मोठा मासा लहानाला गिळतो. या माशांत न्याय उलटा आहे. लहान मोठ्याला खातात आणि मोठा स्थिर उभा राहतो, खाऊ देतो. एक दमला की अंगाला झटका देतो, पिल्लं दुसऱ्याकडे जातात. दोघं असली की जमतं. एकच असला की त्याला दमायची सोय नसते. आई गेली तेव्हा तू सतराचा होतास.

आणि पिल्लं आपण होऊन सुटत नाहीत, ही त्यातली मेख. तिसऱ्या आठवड्यात बाबांचा हात सारखा आडवा व्हायला लागला. मला कळेना, पाणी ठीक, तापमान ठीक. मग बुधीबाईने काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाली, 'अगो बाय, बापाचं अंग बघ, वल्लं सोलवटलंय!' खरंच, त्या लाल अंगावर ओरखडे होते. पिल्लं मोठी झाली होती, त्यांना दात फुटल्यासारखी ओरबाडत होती, आणि तो उभाच. वेळेवर वेगळी काढली नाहीत तर आईबापाला जखमा होतात. मी त्याच दिवशी काढली. माझ्याविषयीही विचार केला, नाही असं नाही. चोपन्न वर्षांची मी त्याच खुर्चीशेजारी आहे, त्यांच्याच पेन्शनीच्या घरात. पण निदान मी पाणी बदलते.

आता तुझ्या टाक्यांविषयी. निरोपात तू म्हणालास, बाहेरून आठ मासे मागवले, 'एकदम टॉप क्वालिटी', ते थेट टाक्यांत सोडले आणि चार दिवसांत सगळे काळे, अंगावर बुळबुळ, पाण्याला वास, एकमेकांना चिकटून कोपऱ्यात. नवव्या दिवशी गाळा धुवायला माणूस. बाबांच्या वहीचं पहिलं पान तू गेली चार वर्षं कॅमेऱ्यासमोर 'माझे नियम' म्हणून वाचतोस. त्यातला पहिला नियमच वाचला नाहीस. नवा मासा आउटरला, स्टेशनाबाहेर थांबवलेल्या गाडीसारखा. त्याला बाल्कनीतल्या निळ्या टबात बेचाळीस दिवस उभा ठेवायचा. वेगळं पाणी, वेगळी नळी, वेगळी जाळी, हात धुतल्याशिवाय इकडचा तिकडे नाही. आणि शेवटच्या दोन आठवड्यांत आतला एक मासा त्याच्यासोबत ठेवायचा. तो टिकला तरच होम सिग्नल, म्हणजे आतल्या टाकीत प्रवेश. तुला आठवतं, कॉलेजात असताना तू हसायचास. 'बाबा, तुमच्या गाड्या गेल्या, आता माशांना कसलं आउटर?' बाबा म्हणायचे, 'गाडी कितीही नटून आली तरी लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय माझ्या स्टेशनात घेत नाही.' बेचाळीस दिवस थांबणं तुझ्या धंद्याला परवडत नाही. नऊ दिवसांत संपणं परवडलं.

तुझे मासे गेल्याचं ऐकलं त्या दिवशी मी शिरा केला. खोटं का बोलू? साजूक तुपातला, वर वेलची. बाबांनी दोनदा घेतला. कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मुक्या माशांबद्दल वाईट वाटलं, त्यांचं काय चुकलं होतं? त्यांच्यासाठी एक घास बाजूला ठेवून उरलेला मी चवीने खाल्ला.

इथवर वाचून तुला वाटेल, ताई एवढी चिडलीय ती चार माशांसाठी आणि एका वहीसाठी. मलाही गुरुवारपर्यंत तसंच वाटत होतं.

गुरुवारी मी शाळेतून लवकर आले होते. दारात रिक्षा थांबली आणि लहान्या उतरला. पांढरं धोतर, पिशवीत नारळ, हातात झेंडूचा हार, डोळे सुजलेले. मला बघून पायरीवरच बसला. 'माना पोऱ्याने सांगला, सायब गेला. माना कोनी कळवला नाय, बाई, कोनी कळवला नाय.'  मी त्याला हाताला धरून आत आणलं. आत त्याचे साहेब पायजम्यावर, गळ्याला नॅपकिन, बुधीबाईच्या हातून चिकूची फोड खात होते. लहान्या दारात थिजला. बाबांनी त्याला पाहिलं आणि जुन्या सवयीने डावा हात वर करून पाडला. ये, लाइन क्लिअर. लहान्या जो रडायला लागला तो थांबेना. बुधीबाई त्याच्यावरच खेकसली, 'मेल्या, जित्या मानसाला हार आनतो? सुतक धरलंस का काय?'

मग त्याने नातवाचा फोन काढला. तुझा व्हिडिओ. 'बाबांच्या आठवणीत.' मागे बाबांचा तो घोलवडचा फोटो, पांढऱ्या गणवेशातला, हातात हिरवं निशाण. फोटोला चंदनाचा हार, समोर निरांजन. आणि तू, डोळे पुसत, 'आज बाबा असते तर त्यांना किती अभिमान वाटला असता.' असते तर! संस्कृतात न घडलेल्या गोष्टीसाठी क्रियापदाचा वेगळा लकार आहे, तो मी नववीला घसा कोरडा करून शिकवते, मुलांना समजत नाही. आता तुझं उदाहरण देईन. खाली तीनशे बारा जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती. कोणी विचारलं होतं, 'कधी झालं, सर?' आणि तू, स्वतःच्या हाताने, दोन जोडलेले हात टाकले होतेस. मासे मेल्याचं लोकांना सांगायची तुला लाज वाटली, म्हणून बाप मेल्याचं सांगितलंस. निदान सहानुभूती तरी मिळाली.

मी फोन लपवायच्या आत बाबांनी तो मागितला. हात पुढे केला, आणि मला त्या हाताला नाही म्हणता येत नाही. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. पहिल्या वेळी त्यांचा हात आडवा झाला, मी म्हटलं आता रडतील. तर ते बोटाने तुझ्या मागच्या टाकीतलं तापमापक दाखवत होते. सव्वीस! डिस्कसला सव्वीस! दुसऱ्या वेळी ते फोटोकडे बघत राहिले. हाराकडे. तुझ्याकडे नाही. मग फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि टाकीतले मासे मोजायला लागले. सहापर्यंत गेले. परत पहिल्यापासून सुरू केलं. लहान्या हार पुढे करून म्हणाला, 'आनलाच हाय, त घालू का, सायब?' बाबांचा हात पडला. संध्याकाळपर्यंत ते तो हार घालून बसले होते. मेल्याच्या नावाने आलेला हार जिवंतपणी घालून बसलेला माणूस तू पाहिला नाहीस. मी पाहिला. तेव्हापासून मला तुझ्याशी गोड बोलता येत नाही, आणि म्हणूनच हे पत्र इतकं गोड झालं आहे.

तर आता शेवट. नोव्हेंबर आहे, पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. दर वर्षी मी तो घरी बसून फोनवर करते, डोळे मिचकावले की झालं. यंदा बाबांनी फोनला हात आडवा केला. शुक्रवारी स्वतः बँकेत आले, बुधीबाईने कडक इस्त्री केलेल्या त्या पांढऱ्या गणवेशात, व्हीलचेअरमधून. साहेबाने समोर बसवून लिहिलं : 'श्री. सूर्यकांत राऊत, वय ८१, आज रोजी माझ्यासमोर समक्ष हजर असून हयात आहेत.' खाली शिक्का. तो दाखला पत्रासोबत आहे. तो तू कॅमेऱ्यासमोर वाचायचा आहे, मागचा फोटो हार काढून ठेवून, शिक्क्याच्या तारखेसह, ज्या तीनशे बारा जणांनी श्रद्धांजली वाहिली त्यांच्यासाठी. 'हयात' हा शब्द दोनदा वाच, म्हणजे रेंजची सबब उरणार नाही. तो व्हिडिओ मला दिसला की येत्या रविवारी, तीस तारखेला, इकडे ये. तुला जोडी द्यायची का, असं मी बाबांना विचारलं होतं. हात बराच वेळ आडवा राहिला. मग पडला, पण अर्धाच. मी त्याचा अर्थ असा लावते की आउटर उघडला, होम नाही. तेव्हा बेचाळीस दिवस तू आउटरला. दर रविवारी यायचं, पाणी तू बदलायचं, कोळंबी तू सोलायची, बुधीबाईशेजारी बसून. तिने तुझ्यासाठी चार शब्द राखून ठेवले आहेत, सोलण्याचेच आहेत. मोजून बघ, बेचाळीस दिवस अकरा जानेवारीच्या संध्याकाळी पुरे होतात. त्या दिवशी प्रदर्शन आहे, मला ठाऊक आहे. जोडी तिथे असेल. मी नाव नोंदवलं आहे, स्पर्धक : सूर्यकांत राऊत, निवृत्त स्टेशन मास्तर. ते स्वतः येतील, गणवेशात, टाकीशेजारी बसतील, म्हणजे ज्यांना फुलं वाहायची असतील त्यांची सोय होईल. तू मात्र येऊ शकणार नाहीस, कारण घरी उरलेल्या चार माशांपाशी कोणीतरी हवं. लाइट गेली तर तांब्याने पाणी उचलून ओतत, त्यांना हवा द्यायला. प्रदर्शनाहून परतलेली जोडी नियमाप्रमाणे आमच्या टाकीत लगेच यायची नाही, तिलाही आउटर लागणार. ती कोणाच्या दारी उभी राहील, ते त्या संध्याकाळी बाबा ठरवतील. त्यांच्या हाताकडे बघ. आज तुला तो वाचता येत नाही. सहा आठवडे त्यांच्यासमोर बसलास तर येईल.

तुझीच,
आठ दिवसांत मासे मारणारी
निर्मलाताई

ता. क. सोबतचा दाखला झेरॉक्स आहे. मूळ प्रत आमच्याकडे आहे. मूळ माणूसही.